सल्ला सगळे देतात, शब्द कोण टाकतो?

सरकारी बँकेतल्या क्लार्कला अधिकारी व्हायचे तर परीक्षा द्यावी लागते, मुलाखत द्यावी लागते आणि निकाल लागला की बहुधा गाव सोडावे लागते. स्केल वनची ऑर्डर आणि बदलीची ऑर्डर जोडीनेच येतात. सांगली-साताऱ्याकडे वर्षानुवर्षे काउंटर सांभाळलेल्या बाईंच्या हाती मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, कधी थेट परराज्यातल्या शाखेचे नाव पडते. मग एक अर्ज लिहिला जातो. त्याचा मजकूर कुठल्याही बँकेत साधारण तोच: घरगुती अडचणींमुळे बढती स्वीकारू शकत नाही, तरी विनंती मान्य व्हावी. अनेक बँकांत असा नकार दिला की पुढचा काही काळ परीक्षेलाही बसता येत नाही. फाइलमध्ये नोंद राहते ती एवढीच, की उमेदवाराने बढती नाकारली.

हल्ली याच बाईंसाठी महिला नेतृत्वाच्या कार्यशाळा होतात. वरिष्ठ अधिकारी मेंटॉर म्हणून नेमले जातात. मुलाखतीला कसे सामोरे जावे, आत्मविश्वासाने कसे बोलावे, घर आणि नोकरीची सांगड कशी घालावी, हे शिकवले जाते. शिकवणारे बहुतेक मनापासून शिकवतात आणि त्याचा उपयोगही होतो. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. या साऱ्या खटाटोपात असे धरून चालले आहे की उणीव बाईत आहे. ती भरून काढली की वाट आपोआप मोकळी होईल. वाट मोकळी झाली नाही तर ठपका पुन्हा तिच्यावरच येतो. 'आम्ही सगळे करून पाहिले, त्यांनाच नको आहे' असे म्हणायला संस्थेच्या हाती आता पुरावा असतो. पूर्वी निदान 'संधीच दिली नाही' असे म्हणता येत असे.

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या कंपन्यांतल्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास करून 2010 साली हेच मांडले होते: स्त्रियांना मेंटॉर भरपूर मिळतात, पण बढतीची चर्चा चालू असताना त्यांच्यासाठी आपले वजन खर्च करणारे कोणी नसते. आपल्याकडे त्याला शब्द टाकणे म्हणतात. सल्ला द्यायला काही पणाला लावावे लागत नाही. शब्द टाकणाऱ्याला मात्र उद्या ती व्यक्ती चुकली तर ऐकून घ्यावे लागते.

शब्द कुठे टाकला जातो ते जरा जवळून पाहू. संध्याकाळी सहानंतर शाखेचे शटर अर्धे खाली येते. ब्रँच मॅनेजर आणि दोघे-तिघे तरुण अधिकारी कर्जाच्या प्रस्तावांवर बसतात. चहा येतो, थकीत खात्यांची चर्चा होते, झोनल ऑफिसातून फोन येतो. दुसऱ्या दिवशी कर्जदाराच्या कारखान्यावर पाहणीला जायचे असते. साहेबांच्या गाडीत कोण बसणार ते तिथेच ठरते. कर्जाचे काम माणूस असे शिकतो आणि वरिष्ठांच्या डोळ्यांत भरतो तोही असाच. बाई तोवर बस पकडून घरी निघालेल्या असतात. थांबल्या तर घरी खोळंबा, आणि साहेबांच्या गाडीतून रोज गेल्या तर कुजबुज. कुजबुजीच्या भीतीने चांगले साहेबही अंतर ठेवतात आणि त्याला सभ्यपणा समजतात. त्या सभ्यपणाची किंमत बाईंना मोजावी लागते: त्यांच्या वाट्याला ठेवी, खाती उघडणे आणि काउंटरच राहतो, आणि मुलाखतीत विचारले जाते की कर्ज विभागाचा अनुभव किती.

घरच्या खोळंब्याला आकडा आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा 88 मिनिटे. कोणत्याही मेंटॉरच्या सल्ल्याने ही तफावत भरून निघणार नाही.

सवलतींबद्दलही सावध राहायला हवे. स्त्री कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या किंवा आईवडिलांच्या गावी नेमावे, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 2014 साली सरकारी बँकांना सुचवले. त्याने कित्येकींच्या नोकऱ्या वाचल्या असतील. पण बाईने नवऱ्याच्या गावी असावे हे गृहीतक त्याबरोबर कागदावर आले. ग्रामीण आणि निमशहरी शाखेतली सेवा बढतीसाठी मोजली जाते. ती सेवा जिला करता येत नाही तिला सवलत मिळते, बढती मिळत नाही. सवलत फक्त बायकांची राहिली की 'मॅडमना बाहेर पाठवता येत नाही' हे वाक्य नियमासारखे वापरले जाते. स्टेट बँकेने अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांच्या काळात मुले किंवा वृद्ध सांभाळण्यासाठी स्त्री कर्मचाऱ्यांना दोन वर्षांची रजा सुरू केली. पाऊल मोलाचे होते. तीच रजा पुरुषांना असती आणि त्यांनी ती घेतली असती, तर तिचा परिणाम घरापर्यंत पोचला असता.

वरच्या पदांवर बायका पोचल्याच नाहीत असे मात्र नाही. रंजना कुमार 2000 साली इंडियन बँकेच्या प्रमुख झाल्या. 2013 च्या अखेरीस भट्टाचार्य स्टेट बँकेत, बँक ऑफ महाराष्ट्रमधून सुरुवात केलेल्या शुभलक्ष्मी पानसे अलाहाबाद बँकेत आणि विजयालक्ष्मी अय्यर बँक ऑफ इंडियात प्रमुखपदी होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय महिला बँक मुंबईत सुरू झाली. आता लढाई जिंकली असे तेव्हा अनेकांना वाटले. पण 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा झपाट्याने वाढल्या आणि सत्तरच्या दशकात मोठी भरती झाली, तिचे ते उशिराचे पीक होते. भट्टाचार्य स्टेट बँकेत आल्या त्या 1977 साली. सरकारी बँकांत प्रमुखपदी एकाच वेळी इतक्या स्त्रिया त्यानंतर दिसल्या नाहीत.

दुसरी मोठी भरती 2011 पासून आयबीपीएसच्या सामाईक परीक्षेतून झाली, आणि त्या परीक्षांनी असंख्य तरुणी अधिकारी म्हणून बँकांत आणल्या. त्यांतल्या पहिल्या तुकड्या आज चाळिशीच्या आसपास आहेत. मुलांची दहावी, सासऱ्यांचे आजारपण आणि स्केल फोरची बदली एकाच वर्षी दारात उभी राहावी असे हे वय आहे. त्यांच्यासाठी आणखी एक कार्यशाळा घेणे सोपे आहे. बढती आणि दूरची बदली यांची गाठ सोडवणे, कर्ज विभागाचे काम स्त्री-पुरुषांना आळीपाळीने देणे, आणि किती जणींनी बढती नाकारली, कोणते पोस्टिंग पाहून नाकारली, हे दरवर्षी संचालक मंडळापुढे ठेवणे अवघड आहे, कारण त्यात संस्थेला स्वतःचे नियम बदलावे लागतात. हे पुढच्या चार-पाच वर्षांत झाले नाही तर नकाराच्या अर्जांखाली याच तुकड्यांच्या सह्या होतील, आणि 2035 च्या सुमारास जनरल मॅनेजर निवडायला बसलेल्या समितीपुढे बायकांची नावेच नसतील.