प्लास्टर निघाले म्हणजे पाय बरा झाला नव्हे

डोंगरउतारावर गिअरची सायकल घसरून तरण्या पोराची नडगी मोडली, की दवाखान्यापर्यंत सारा गाव धावतो. खरी कसोटी पुढेच असते. नडगीचे हाड जुळायला तीन-चार महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. प्लास्टरात स्नायू रोडावतात, सांधे आखडतात. त्यावर डॉक्टरांनी दाखवलेला रोजचा व्यायाम हाच उपाय. बिडी-सिगारेटने हाड उशिरा जुळते; भेटायला जाणाऱ्यांनी ती पुढे करू नये. पेरणी आली म्हणून त्याला औतामागे धाडू नका, भावकीने सावडीने रान उरकून द्यावे. तपासणीच्या दिवशी तालुक्याला न्यायला सरपंचांनी गाडी जुळवावी. घाईने टेकलेला पाय पुन्हा मोडला, तर एका हंगामापायी दोन हंगाम जातात.