हुन्नर दाखवा, हुन्नर जगेल

कारागीर व व्यापारी बांधवांनो, “जुन्या हुन्नराला आता गिऱ्हाईक उरले नाही” ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. आमचेही मत तेच होते. पण जोडून आलेल्या सुट्टीत फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात तीन दिवस फिरलो आणि ते बदलले. गेलो होतो मध्ययुगातील वास्तू पाहायला. मनात राहिला तो त्यांच्यामागचा हिशेब.

पहिल्या दिवशी फाँतने येथील ख्रिस्ती मठ पाहिला. पॅरिसहून वेगवान गाडीने मोंबार स्टेशन सुमारे एका तासावर. मठ तेथून जवळच. स्थापना १११८ सालची. प्रार्थनागृह अगदी साधे, पण लोहारशाळा भव्य! जवळच्या टेकडीतून लोखंडाचे खनिज काढायचे आणि वाहत्या पाण्याच्या जोरावर घण चालवायचा, असा हा कारभार. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर याच आवारात कागदाचा कारखाना चालला. १९०६ साली एदुआर एनार या बँकवाल्याने जागा विकत घेतली, कारखान्याचे बांधकाम काढून टाकले आणि जुनी वास्तू मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी बोन शहर. येथील गोरगरिबांचा दवाखाना निकोला रोलँ या बड्या अंमलदाराने १४४३ साली स्थापन केला. १९७१ पर्यंत त्या जुन्या दालनांत रुग्ण होते! छपरावर रंगीत चकचकीत कौलांची नक्षी आहे. तीही १९०२ ते १९०७ या काळात नव्याने घालावी लागली. म्हणजे वास्तू कितीही पक्की असो, तिला कारागीर पुन्हा पुन्हा लागतोच.

मग तो कारागीर मधल्या काळात खातो काय? याचे उत्तर तिसऱ्या दिवशी गेदलाँ येथे मिळाले. तेथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक नवाच किल्ला बांधला जात आहे. यारी विजेची नाही. मोठ्या लाकडी चाकात माणसे चालतात आणि दगड वर चढतो. पाथरवट छन्नी चालवतो, लोहार त्याच छन्नीला धार लावून देतो, सुतार कुऱ्हाडीने तुळई तासतो, कौले जागेवरच भाजली जातात. आरंभी बाहेरची मदत घ्यावी लागली. पण २००० सालापासून खर्च तिकिटांच्या आणि दुकानाच्या कमाईतून निघतो. वर्षाला सुमारे तीन लाख माणसे पैसे देऊन काय पाहतात? काम करणारा हात!

काही जण म्हणतील, हा तर तमाशा झाला. आम्हाला तसे वाटत नाही. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे लाकडी छत जळाले. ओकची तुळई कुऱ्हाडीने तासणारे सुतार हवे होते, आणि त्या कामावर गेदलाँत तयार झालेले सुतारही होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती वास्तू पुन्हा खुली झाली. ज्याला तमाशा म्हणायचे, तोच गरजेच्या वेळी देशाच्या कामी आला.

बांधवांनो, यातून आपण काय घ्यायचे? आपण तयार माल काचेच्या कपाटात ठेवतो आणि कारागिराला मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवतो. गिऱ्हाईक मग यंत्राच्या मालाशी भाव ताडून पाहते आणि घासाघीस करते. घडण डोळ्यांनी पाहिली, तर मेहनतीची किंमत त्याला सांगावी लागत नाही. तेव्हा भट्टी, माग, ऐरण दुकानाच्या दर्शनी भागात आणा. एखादा शिकाऊ मुलगा हाताखाली घ्या आणि त्याला पगार द्या. फुकट राबवलेला मुलगा धंद्यात टिकत नाही.

हुन्नर पेटीत जपून राहत नाही. त्याला रोजचे काम आणि रोजची मजुरी लागते. ती मिळाली तर आठशे वर्षांपूर्वीचे कसबही आज घर चालवते, हे आम्ही पाहून आलो आहोत.