मोठा फ्यूज टाक की!

गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी ट्रॅक्टर घेऊन दारात आला. ट्रॅक्टर सेकंडहँड, पण त्याच्यासाठी नवाच. पेढे ठेवले, पाया पडला. आठ-पंधरा दिवसांत कोयते भरून कारखान्याला निघायचे होते. जाता जाता मोठ्या हौसेने त्याने टेप लावून दाखवला. दोन गाणी झाली आणि आवाज गेला.

"फ्यूज उडायलाय सर सारखा," असे म्हणत त्याने खिशातून सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली आणि उडालेल्या फ्यूजला गुंडाळायला लागला. मी हात धरला, तर हसून म्हणतो, "काई होत नाही सर. बाराच व्होल्टची तर बॅटरी हाये. मिस्त्री तर म्हणला, मोठा फ्यूज टाक की!"

मंडळी, या 'काई होत नाही'शी माझे भांडण आहे.

आधीच सांगतो, आवाजाबद्दल मी आज काही बोलणार नाही. ज्यांना पुढचे पाच-सहा महिने परमुलखात, उसाच्या फडावर आणि कोपीत काढायचे आहेत, त्यांनी जाताना गाणी लावली तर मला त्यात गैर वाटत नाही. (आमच्या सौ.ना वाटते.) आणि बी.ए. मराठीच्या माणसाचा अँपिअरशी काय संबंध, असेही कुणी विचारील. तर शाळेचा १५ ऑगस्टचा कर्णा आणि अँप्लिफायर नोकरीभर माझ्याच गळ्यात होता. त्याच्या पायी जेवढे हात पोळले, तेवढे शिकलो.

बारा व्होल्टने झटका बसत नाही हे खरे. पण जाळायला झटका लागत नाही. वायर तापते ती अँपिअरने. घरातले हजार वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत भागवते. तेच हजार वॅट बारा व्होल्टमधून काढायचे तर ऐंशीच्या वर अँपिअर लागतात. त्यात उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वीसच्या जागी साठ अँपिअर गेले तर वायर तिप्पट नव्हे, नऊपट तापते. आणि धनाची वायर कुठे घासून पत्र्याला टेकली, तर ट्रॅक्टरचे इंजिन फिरवणारी तीच बॅटरी त्या वायरमधून शेकडो अँपिअर ढकलते.

आता मुख्य गोष्ट, जी आपल्याकडे कुणी लक्षातच घेत नाही. बॅटरीजवळचा फ्यूज यंत्र वाचवायला नसतोच. तो वायर वाचवायला असतो. म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो, खोक्यावरच्या वॅटवरून नाही. खोक्यावर काय, वाटेल ते छापतात. 'पीएमपीओ' नावाने हजार-हजार वॅट लिहिलेले डबे आपण सगळ्यांनीच घेतले आहेत. खरा आकडा आरएमएसचा, आणि त्याहून सोपी खूण म्हणजे अँप्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज. तीस-तीसचे दोन हिरवे असतील तर तो साठपर्यंत ओढू शकतो असे समजावे.

मी सीट उचलायला लावली. घराच्या फिटिंगमधून उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढलेली! फ्यूज होता वीसचा, पिवळा. मला त्या फ्यूजचे कौतुक वाटले. त्या वायरीला तोच आकडा बरोबर होता आणि त्या सगळ्या जोडणीत खरे बोलणारा तो एकटाच होता. "एवढ्या वायरीतून एवढे जाणार नाही" असे तो दर दोन गाण्यांनी सांगत होता आणि सगळे मिळून त्याचेच तोंड दाबायला निघाले होते. चूक एवढीच, की तो बसवला होता सीटखाली. बॅटरीपासून तिथवरची सगळी वायर उघडी, कुणाचा पहारा नाही. मध्येच घासली तर सीटखालच्या फ्यूजला पत्तासुद्धा लागणार नाही, कारण तो प्रवाह त्याच्यापर्यंत पोचतच नाही. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, तो याचसाठी.

हे नवे आहे असेही नाही. शेतातल्या डीपीवर आपण काय करतो? फ्यूज उडाला की जाडजूड तार पिळून घालतो, फ्यूज उडायचा थांबतो आणि एक दिवस ट्रान्सफॉर्मरच जळतो. मग ऐन रब्बीत वर्गणी आणि महावितरणकडे हेलपाटे. तिथे पीक जाते. इथे मागच्या ट्रॉलीत काय असते ते आठवा. वाकळा, ज्वारीची पोती, ताडपत्री, आणि त्यावर रात्रीच्या प्रवासात झोपलेली लेकरे. पुढे डिझेलची टाकी. चालत्या ट्रॅक्टरच्या आवाजात आणि वर त्या गाण्यात मागची हाक ड्रायव्हरला ऐकू जाते का?

मिस्त्रीला मी फार दोष देत नाही. गिऱ्हाईक येते तेच 'गाणे बंद पडू देऊ नको' म्हणत. पण मोठा फ्यूज टाक म्हणणाऱ्याने मोठी वायरही टाक म्हणायला हवे होते. ते तो म्हणत नाही, कारण वायरीला पैसे पडतात.

आम्ही मग १६ चौरस मिलिमीटरची वायर आणली. दुकानदाराने आधी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची दाखवली. दिसायला तितकीच जाड, पण ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहते. चाकूने खरवडली तर आत पांढरी. ती परत केली. साठचा फ्यूज बॅटरीशेजारी बसवला, पत्र्याच्या भोकात रबरी चकती घातली. सगळे मिळून दीड हजाराच्या आत. लाखांची उचल अंगावर घेणाऱ्याला एवढे जड नाही.

"आणि हा उडला तर?" जाताना त्याने विचारलेच.

"तर गाणे बंद. वायर कुठे घासली ते बघ. सापडत नसेल तर तसाच चल, मुक्कामाला पोच आणि मला फोन कर."

त्याने मान हलवली. चांदीचा कागद मात्र खिशात परत ठेवत होता. तो मी मागून घेतला.