ओटीपी मुलाला, आंघोळ मला

संपादक महोदय,



रविवारच्या पुरवणीत घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या अ‍ॅपचे जे गुणगान आले, ते वाचून हे पत्र लिहायला बसले. लेखात परदेशी राहणाऱ्या मुलांचे समाधान आहे, शुश्रूषेला माणसे पाठवणाऱ्या ब्युरोवाल्यांचे म्हणणे आहे, एका डॉक्टरांचे मतही आहे. ज्या म्हाताऱ्या माणसाला रोज उठवले-बसवले जाते, त्याला मात्र कोणी काही विचारल्याचे दिसत नाही. तेवढे मी कळवते. खुब्याचे ऑपरेशन झाल्यापासून माझ्याकडे सकाळी आठ ते रात्री आठ शुश्रूषेसाठी एक मावशी असतात, आणि त्यांच्या फोनमध्ये असेच एक अ‍ॅप.

यंत्रांचे मला वावडे नाही. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. पडले तर मुलाला खबर देणारे घड्याळही मी मनगटावर बाळगते. तक्रार एवढीच की, या अ‍ॅपमध्ये मी आहे, पण मला त्यात काही म्हणायची सोय नाही. लॉगिन मुलाचे, तो न्यू जर्सीत. ड्युटी संपल्याचा ओटीपी त्याच्या फोनवर जातो. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो. मग मावशी खांद्याला पर्स लावून दारात उभ्या आणि मी वॉकर धरून त्यांच्यासमोर. मावशी बारा तास इथे होत्या हे मी डोळ्यांनी पाहिलेले असते, पण माझी साक्ष चालत नाही. त्यांची बस जाते.

आंघोळ नऊच्या आत झाली नाही तर फोनमधला आंघोळीचा खण लाल होतो. मी आयुष्यभर पेपर वाचून, चहा घेऊन, सावकाश अकराला आंघोळ करणारी बाई. आता पावणेनऊला मला घाईघाईने न्हाणीघरात नेले जाते. जेवणाचा फोटो जावा लागतो, म्हणून ताट समोर आल्यावर पहिला घास घ्यायच्या आधी थांबायचे. शेवटी ‘मूड’ नावाचा खण, त्यात हसरे, मख्ख आणि रडके असे तीन चेहरे. त्यातला चेहरा मावशी निवडतात. बिचाऱ्या रोज हसराच निवडतात, कारण रडका निवडला तर ब्युरोतून फोन येतो.

एकादशीला तर कहर झाला. नाश्त्याच्या खणात उपवासाची सोय नाही. मावशींनी प्रामाणिकपणे ‘नाही’ दाबले. तिकडे मध्यरात्री मुलाचा फोन वाजला आणि त्याने घाबरून मला फोन केला, ‘आई, खात का नाहीस?’ मी तेव्हा साबुदाण्याची खिचडी खात होते.

उलट जे खरोखर कळायला हवे होते, ते या अ‍ॅपला कळले नाही. माझ्या घोट्यांवर सूज आहे हे मावशींनी मोज्याचा वळ पाहून ओळखले. संध्याकाळी तो वळ नेहमीपेक्षा खोल दिसला, एवढेच. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने अशी सूज येऊ शकते. डॉक्टरांनी गोळी बदलली. पण वळ लिहायला खण नव्हता, म्हणून मावशींनी ते सुनेला फोन करून सांगितले. त्या दिवशीचा अहवाल नेहमीसारखा हिरवागार गेला.

अशी खणांची शिस्त अमेरिकेतही आहे. तिथे २०१६च्या कायद्याने मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेच्या पैशातून होणाऱ्या घरच्या शुश्रूषेची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. नोंदवायचे ते सहा मुद्द्यांत: सेवा कोणती, कोणाला, कोणी दिली, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. सरकारी पैशातली लबाडी पकडायला हे ठीक असेल. मुलाच्या फोनवर दिसतात ते खणही याच पठडीतले. सेवा घेणाऱ्या माणसाला काय हवे होते, हा सातवा प्रश्न तिकडेही नाही आणि इकडेही नाही. नेदरलँड्समध्ये योस द ब्लॉक या परिचारकाने २००६मध्ये ‘ब्यूर्टझोर्ख’ ही घरपोच शुश्रूषेची संस्था सुरू केली. तिथेही संगणक आहेत, पण जास्तीत जास्त बारा जणांची टीम आपल्या भागातल्या रुग्णांचे काय आणि केव्हा करायचे ते त्यांच्याशी बोलून स्वतः ठरवते. म्हणजे दोष यंत्राचा नाही. ते कोणाच्या सोयीने बसवले, त्याचा आहे.

माझे जेवण, माझे बीपी, माझा झोपलेला चेहरा रोज कुठल्या सर्व्हरवर जातो, त्याला संमती मुलाने दिली आहे. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, अल्पवयीन नाही, आणि शुद्ध शाबूत आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याचे मूळ सूत्रच ज्याची माहिती त्याची संमती असे आहे. त्याचे नियमही २०२५च्या नोव्हेंबरात आले. हे मी ब्युरोच्या सुपरवायझरला फोनवर ऐकवले. ते म्हणाले, ‘आजी, तुम्ही टेन्शन घेऊ नका, मुलाला मेल करायला सांगा.’

आणि विषय निघालाच आहे तर मावशींचेही सांगते. त्या आत्ता कुठल्या गल्लीत आहेत ते अ‍ॅपवर मुलाला दिसते. त्याने भरलेल्या पैशातले त्यांच्या हाती किती पडतात, ते मात्र दिसत नाही. मी विचारले तर त्या हसून विषय बदलतात. शहरात ब्युरो काढायला काय लागते? एक खोली आणि दोन मोबाईल. राहिला खर्च. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांचे संरक्षण मिळाले, त्याचे स्वागतच आहे, पण ते दवाखान्यात दाखल झालात तर. घरी वॉकर धरून चालायला शिकवणाऱ्या बाईचा पगार त्यात बसत नाही.

राज्य सरकारने या ब्युरोंची आणि अ‍ॅपची नोंदणी सक्तीची करावी. ज्याची शुश्रूषा होते त्याच्याच फोनवर, मराठीत, मोठ्या अक्षरात लॉगिन द्यावे. ड्युटी संपल्याचा ओटीपीही त्यालाच जावा. ज्यांना फोन चालवता येत नाही त्यांची सही कागदावर घ्यावी. आंघोळीची वेळ आम्ही लिहू, मूडचा चेहराही आम्हीच निवडू. पुरवणीने पुढच्या वेळी या विषयावर लिहिण्याआधी निदान एखाद्या आजीला किंवा आजोबांना फोन करावा. अकरानंतर केलात तर बरे.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे