टाक्यापासून सत्तर पावले

अमेरिकेतील अरण्यांत तंबू ठोकून राहणाऱ्यांसाठी जे दंडक रूढ आहेत, त्यांत ओढा अथवा सरोवर यांपासून दोनशे फूट, म्हणजे प्रौढ माणसाची सुमारे सत्तर पावले, दूर राहावे, भांडी आणि अंगही तितक्याच अंतरावर धुवावे, असे एक कलम असते. योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात तंबूपुरते हे अंतर शंभर फुटांवर आणलेले आहे. आपल्याकडील गडप्रेमी मंडळींना हा गोऱ्या लोकांचा फाजील काटेकोरपणा वाटतो. वस्तुतः या नियमाची निकड तिकडच्याहून सह्याद्रीत अधिक आहे. तिकडे बहुधा पाणी वाहते असते, आणि साबणाचे विघटन करणारे जंतू ज्या मातीत नांदतात ती मातीही खोल असते; उलट हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी कातळात खोदलेले टाके पावसाळ्यात एकदा भरले, की पुढल्या मृगापर्यंत त्यात जे पडेल ते तेथेच राहते. रात्री पिठल्याचे पातेले टाक्याच्या काठावर विसळणाऱ्याने सकाळी त्याच पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग आणि तळाशी बसलेली भाताची शिते निरखून पाहावीत, आणि मग चहाचे आधण ठेवावे. वेष्टनावर ‘निसर्गस्नेही’ असे छापलेला साबणही पाण्यात नव्हे, मातीत जिरावा लागतो, ही बाब तर बहुतेकांच्या गावीही नसते.

गडावरील पाण्याचे मोल आपल्या पूर्वजांना सांगावे लागत नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, ते नसल्यास खडक फोडून टाकी करावीत, झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, आणि हे पाणी फार जतन करावे, अशी स्पष्ट ताकीद आहे. ज्या दौलतीसाठी ती लिहिली ती लयाला गेली, पण टाकी आहेत तेथेच आहेत, आणि आता त्यांच्यावर हवालदार नाही. शिवाय हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. रात्री पाणवठ्यावर येणारे जनावर काठावरची बत्ती आणि गलका पाहून तहानलेलेच माघारी फिरते. त्याची फिर्याद कोणत्या कचेरीत दाखल व्हावयाची?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. कित्येक किल्ल्यांचे माथे इतके चिंचोळे आहेत, की टाक्यापासून सत्तर पावले मोजू गेल्यास माणूस कड्याखाली जावयाचा. अशा जागी नियमाला मुरड घालण्याची सवलत मागण्यापेक्षा तेथे मुक्कामच करू नये, असे माझे स्वच्छ मत आहे. पायथ्याच्या गावात रात्र काढून पहाटे गड चढण्यात कोणाचीही इभ्रत जात नाही. जेथे माथा ऐसपैस आहे, तेथे वाचकांनी एवढेच करावे: पाणी भांड्यात भरून घ्यावे, सत्तर पावले चालावे आणि मग काय ते धुवावे.