सेलफिशचा वेग : एक संशयास्पद आकडा

सर्वांत वेगवान मासा कोणता? सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत उत्तर ठरलेले असते : सेलफिश, ताशी ११० किलोमीटर. पाठीवर शिडासारखा उंच पर आणि लांब टोकदार चोच असलेला हा मासा आपल्या अरबी समुद्रातही आढळतो. माझ्या मते या ११० पुढे वर्गात प्रश्नचिन्ह लावण्याची वेळ आली आहे.

हा आकडा आला कोठून? अमेरिकेत फ्लॉरिडाच्या दक्षिणेस लाँग की हे बेट आहे. तेथे हौशी मासेमारांची प्रसिद्ध छावणी होती. १९३५ च्या चक्रीवादळात ती नष्ट झाली. तेथील चाचण्यांत गळाला लागलेल्या सेलफिशने ३ सेकंदांत ९१ मीटर दोरी ओढून नेल्याची नोंद आहे. भागाकार करून पाहा. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०९ किलोमीटर!

पण रिळावरून सुटलेली दोरी मोजणे म्हणजे माशाचा वेग मोजणे नव्हे. ही मासेमारी बहुधा चालत्या नौकेमागे आमिष ओढत करतात. नौका एका दिशेला व मासा दुसऱ्या दिशेला गेला, तर दोरी दोघांच्याही वेगाने सुटते. शिवाय गळ टोचलेला सेलफिश पाण्याबाहेर उड्या मारतो. तेवढा वेळ त्याला पाण्याचा विरोधच नसतो. आणि ३ सेकंद मोजताना अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर? उत्तर ९४ येईल किंवा १३१.

आता पदार्थविज्ञानाकडे वळू. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. त्यातून वेगाने जाताना लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३६ किलोमीटरवरून १०८ वर जायचे, तर २७ पट शक्ती हवी. ती स्नायूंनी आणायची कोठून?

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नुकत्याच पकडलेल्या माशांच्या स्नायूंना विजेचा सौम्य धक्का देऊन ते किती वेळात आकसतात, हे मोजले गेले. त्यावरून शेपटी सेकंदाला जास्तीत जास्त किती वेळा हलू शकेल आणि एका हेलकाव्यात मासा किती पुढे जाईल, याचा हिशेब झाला. सेलफिशचा कमाल वेग निघाला सेकंदाला सुमारे ८ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. त्याआधी, २०१५ साली, शिकार करणाऱ्या सेलफिशच्या अंगावर वेगवृद्धिमापक बसवून केलेल्या मोजणीतही आकडा याच्याच जवळपास आला होता.

यामुळे सेलफिशची थोरवी कमी होते, असे मला वाटत नाही. तारल्यांच्या थव्यात तो चोच इतकी हळूच घुसवतो, की मासे फारसे बिचकतही नाहीत. मग चोचीचा एकच आडवा फटकारा! हा फटकारा मात्र खरोखरच विलक्षण वेगवान असतो. शिक्षकांनी ९१ मीटर आणि ३ सेकंद एवढेच फळ्यावर लिहावे, आणि मोजणीत कोठेकोठे गफलत होऊ शकते ते मुलांनाच शोधू द्यावे. माझी यादी वर दिलीच आहे. मुलांची याहून लांब होईल.