सत्तेचाळीसच्या बाजूने

नागपुरात उन्हाळा काढणाऱ्या माणसाकडे पुणेकर ज्या कणवेने बघतात, ती मला मुळीच मानवत नाही. मे महिन्यात फोन येतो, ‘कसे राहता हो तिकडे?’ म्हणून विचारलं जातं आणि उत्तराची वाट न बघता, आपल्याकडे संध्याकाळी कसा गार वारा सुटतो ते ऐकवलं जातं. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे सगळ्यांना पाठ. २९ डिसेंबर २०१८ ला हेच गाव ३.५ अंशांवर उतरलं होतं, ते मात्र कुणाच्या लक्षात नाही.

मला विचाराल तर राहायला गरम गाव हवं, पण कोरडं. आकड्यावरून भांडणारे हवेतली ओल हिशेबातच धरत नाहीत. मुंबईचा मे महिना ३३-३४ अंशांचा, आमच्यापेक्षा आठ-नऊ अंशांनी कमी. तरी दादरचा पूल चढेस्तोवर सदरा पाठीला चिकटतो, कारण तिथल्या हवेत घाम वाळतच नाही. आमच्याकडे घाम कधी आला नि कधी वाळला, पत्ता लागत नाही. धोकाही त्यातच आहे, म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायची सवय इथे पोरासोरांनाही असते.

एप्रिल लागला की कूलर बाहेर निघतो. गेल्या वर्षीच्या ताट्या पाण्यातल्या क्षारांनी पांढऱ्या, कडक झालेल्या असतात. त्या काढायच्या, वाळ्याच्या नव्या बसवायच्या, टुल्लू पंपाच्या जाळीतला गाळ खरवडायचा आणि ते धूड खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढवायचं. सुरुवातीला नुसता गरम वारा येतो. मग ताट्या भिजतात आणि वाळ्याचा वास खोलीभर होतो. एसीत हे नाही. शिवाय कूलरला एखादं दार उघडं ठेवावं लागतं, नाहीतर खोलीत दमट होतं. त्यामुळे शेजारी कोण कुणावर डाफरतंय, याचीही बित्तंबातमी राहते.

माझा चुलतभाऊ मिनियापोलिसला असतो. तिथे शहराच्या मध्यवस्तीत इमारती काचेच्या बंद पुलांनी जोडल्या आहेत. बाहेर उणे २० असलं तरी माणूस कोट न घालता ऑफिसातून जेवायला आणि तिथून बँकेत जाऊन येतो. ‘थंडीत कपडे चढवता येतात, उन्हात उतरवून उतरवून किती उतरवशील?’ हा त्याचा ठेवणीतला मुद्दा. पण हाच गडी डिसेंबरात घरी आला, की दहा अंशांत आमच्या फरशीवर पाय टेकवताना बोंब मारतो. त्याला थंडी नव्हे, हीटर आवडतो. ‘मग तुलाही कूलरच आवडतो की,’ असं तो म्हणतो. म्हणू दे. आमची कैद दुपारपुरती असते. भर दुपारी काही चौकांतले सिग्नलसुद्धा बंद ठेवतात, पण दिवेलागणीला फुटाळा तलावावर पाय ठेवायला जागा नसते. त्याची कैद नोव्हेंबरात सुरू होते ती मार्चात संपते.

अर्थात, ज्याच्या खिडकीला कूलर आहे त्याने उन्हाचे गोडवे गाणं सोपं आहे. गोंदिया-गडचिरोलीकडे तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका याच दिवसांतला. बाया-माणसं झुंजुमुंजू व्हायच्या आत जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत पानं घेऊन परततात. पुढे घरी बसून पुडे बांधायचे ते वेगळंच. त्यांना आवड-निवड कुणी विचारलेली नाही.

संत्र्याच्या झाडालाही कुणी विचारत नाही. मृग बहार धरायचा तर शेतकरी ऐन उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतो. ताण देणं म्हणतात त्याला. पानं मलूल होतात, काही गळतात, नवखा माणूस बघून हळहळतो. मग जूनचा पाऊस पडतो आणि झाड फुलांनी लदबदून जातं. ताण नीट बसला नाही, तर फुटतो तो नुसता पाला.

निवृत्तीनंतर पुण्याला या, असं आता बरेच जण सुचवतात. वर्षाचे पंधरा दिवस मी तयार आहे, पण ते मेमधले नव्हेत. मृगाच्या एक-दोन सरी पडून पाऊस दडी मारतो, तेव्हाचे. ऊन तसंच, वर हवेत ओल. कूलर रात्रभर घरघरतो आणि गारव्याऐवजी चिकचिक तेवढी वाढवतो. तेव्हा कुणी बोलावलं, तर मी त्याच रात्रीची गाडी पकडीन.